पाठ मांडण्याआधी पडताळणी मांड

बाळ,

नववी आणि दहावीचं सामाजिक शास्त्र यंदा तुझ्याकडे आलंय आणि शाळा उघडायच्या आत वार्षिक नियोजन द्यायचंय, असं तू कळवलंस. तेही जुन्नर तालुक्यातल्या शाळेत. फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी याच विषयात गेली. मला माझ्या बाईंनी जे सांगितलं आणि वर्गात उभं राहून जे उमगलं, ते आता तुझ्या हवाली करते. नियोजनाचा कोरा कागद समोर असतानाच वाच. कागद भरून झाल्यावर या गोष्टींना जागा उरत नाही.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. दहावीनंतर विज्ञानाला, वाणिज्यला किंवा आयटीआयला गेलेल्या मुलाच्या वाट्याला इतिहास आणि राज्यशास्त्र बहुधा पुन्हा येत नाही. शाळेत शिकवणारी त्याची शेवटची इतिहासाची बाई तू. त्याला संविधान समजावून सांगणारी शेवटची व्यक्तीही कदाचित तूच. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, १९८९ साली. तुझ्या बाकावरून उठलेलं पोर दोन-तीन वर्षांत मतदान केंद्रात उभं असणार. तेव्हा त्याला सनावळी आठवेल की नाही सांगता येत नाही. पण ‘हे खरं कशावरून?’ असं विचारायची सवय लागली असेल तर ती राहील.

म्हणून माझा कानमंत्र एकच आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं. प्रत्येक घटकात मुलाने स्वतः पडताळून पाहिलेली एक तरी गोष्ट असू दे. आणि त्या गोष्टीची तासिका नियोजनात सगळ्यांत आधी लिही, पाठ नंतर भर. ‘पोर्शन संपल्यावर वेळ उरला तर बघू’ म्हटलेली गोष्ट शाळेत कधीच होत नाही.

शेवटाकडून सुरुवात कर

अनुक्रमणिका उघडून पहिल्या पाठासमोर ‘जून’ लिहायला घाई करू नकोस. आधी एका कोऱ्या पानावर लिही: दहावीचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलेल्या माझ्या मुलाला काय काय करता आलं पाहिजे? पाच-सहा वाक्यं पुरेत. मी माझ्या मुलांसाठी लिहायची ती अशी. त्याला नकाशा आणि आलेख वाचता यावा. एखादी माहिती कानावर आली तर ती कुठून आली हे शोधता यावं. गावचा निधी कुठे खर्च झाला हे कुणाला आणि कसं विचारायचं ते कळावं. आपल्याला न पटणारी बाजू नीट मांडून दाखवता यावी. आपल्या भागातलं पाणी, शेती आणि वस्ती अशी का आहे, ते कारणांसह सांगता यावं.

अध्ययन निष्पत्ती तुला छापील मिळतीलच, त्या नियोजनात उतरवायच्याही आहेत. पण ही वाक्यं तुझ्या शब्दांत हवीत. नंतर एखाद्या पाठाला तीन तास द्यावेत की सहा, असा प्रश्न पडला की या पानाकडे बघ. ज्या पाठातून यातली एखादी गोष्ट साधते त्याला वेळ दे. बाकीचे पाठ मुलं वाचून, आपसांत प्रश्न विचारून पुरे करू शकतात. सगळ्या पाठांना सारख्या तासिका वाटणं दिसायला न्याय्य, पण त्यात मुलाच्या हाती फारसं काही राहत नाही.

तासिका खऱ्या मोज

वेळापत्रकातल्या आठवड्याच्या तासिका गुणिले आठवडे, हा हिशोब कागदावरच बरोबर येतो. त्यातून घटक चाचण्या, सत्र परीक्षा, क्रीडा स्पर्धा, गणपती, स्नेहसंमेलन, प्रशिक्षणं आणि निवडणुकीचं काम वजा कर. घाटमाथ्याकडच्या मुलांना आषाढ-श्रावणात पावसामुळे शाळेत पोचता येत नाही, तेही धर. चारातल्या तीन तासिकाच हाती येतील असं समजून आखणी केलीस तर डिसेंबरात धाप लागणार नाही. दहावीला तर जानेवारीत प्रिलिम आली की नवं शिकवणं थांबतंच. म्हणजे दहावीचं तुझं खरं वर्ष जूनच्या मध्यापासून नाताळपर्यंतचं.

मग कॅलेंडरवर न हलणाऱ्या तारखा लिही. ग्रामसभा साधारणपणे १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि १ मेच्या सुमारास भरतात. संविधान दिन २६ नोव्हेंबरचा. पाऊस मोजायचा तर जून ते सप्टेंबर. नाणेघाट दाखवायचा तर दिवाळीनंतर. भर पावसात तिथली निसरड आणि गर्दी मुलांना घेऊन जाण्यासारखी नसते. तारखा अशा बसल्या की कोणता पाठ कुठे यावा हे बरंचसं आपोआप ठरतं. ‘निवडणूक प्रक्रिया’ आणि ‘संविधानाची वाटचाल’ पुस्तकात कुठल्याही क्रमांकाला असोत, ते ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात आण. पुस्तकातला क्रम मोडायचा तर मुख्याध्यापकांना आधी सांग आणि घटक चाचणीचा अभ्यासक्रम त्याप्रमाणे बदलून घे. नंतर सांगितलं की अडचण होते.

नववी-दहावीचं नियोजन एकत्र मांड

दोन वर्गांची दोन वेगळी नियोजनं करायची रीत आहे. तू एकाच मोठ्या कागदावर दोन्ही मांड. २०१७ साली आलेलं नववीचं आणि २०१८चं दहावीचं पुस्तक शेजारी ठेवलंस की लक्षात येईल, नववीत पेरलेल्या गोष्टींवरच दहावीचं पीक उभं आहे.

नववीच्या भूगोलातला पहिला पाठ वितरणाच्या नकाशांचा. टिंब पद्धत, क्षेत्रघनी, समघनी. हा पाठ पाठांतरावर गेला तर दहावीत भारत आणि ब्राझीलच्या लोकसंख्येचे, पावसाचे नकाशे मुलांना परके वाटतात. म्हणून नववीत मुलांकडून आपल्याच तालुक्याचा पावसाचा क्षेत्रघनी नकाशा काढून घे. महसूल मंडळांचे पावसाचे आकडे कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मिळतात. ते तू छापून आण, मुलांकडून इंटरनेटची अपेक्षा धरू नकोस. जो मुलगा आपल्या तालुक्यात हाताने रंग भरतो, त्याला ब्राझीलच्या नकाशात गडद रंग कुठे आणि का, हे सांगावं लागत नाही.

नववीच्या इतिहासाचा पहिला पाठ ‘इतिहासाची साधने’, आणि दहावीचं पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरांनी उघडतं. मध्ये एक वर्ष जातं. नववीत साधन हाताळलेलं नसेल तर दहावीत इतिहासकार रांके हे फक्त एक परदेशी नाव उरतं. साधन हाताळलेल्या मुलाला मात्र रांके मूळ कागदपत्रांवर एवढा अडून का बसला, ते चटकन समजतं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत का फिरले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड का काढले, तेही समजतं.

आणखी एक सोय बघ. दहावीत ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. पण तोवर दहावीची बोर्डाची परीक्षा झालेली असते. म्हणून त्या पाठाचं काम नववीच्या अखेरीस करून ठेव. फडातल्या एखाद्या जुन्या कलावंताला शाळेत मानाने बोलाव. मुलांनी आधी प्रश्न लिहून आणावेत आणि उत्तरं टिपून घ्यावीत. ती वही जूनमध्ये दहावीच्या वर्गात उघडायची. जो शिक्षक एकट्या दहावीचं नियोजन करतो, त्याला हे कधीच जमत नाही.

एकमेकांशी बोलणारे पाठ जवळ आण

दहावीची गुणपत्रिका बघ. इतिहास-राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४०, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपर वेगळे आहेत म्हणून आपण विषयही वेगळे ठेवतो. दोन शिक्षक असले तर दोघं एकमेकांना विचारतही नाहीत. तू विचार. भूगोल दुसऱ्या सरांकडे असेल तर त्यांच्याशी जूनमध्येच बस. वयाने मोठे असतील तर त्यांच्या सोयीने तुझे पाठ हलव.

इतिहासात ‘पर्यटन आणि इतिहास’ आहे, ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ आहे. भूगोलात ‘पर्यटन, वाहतूक आणि संदेशवहन’ आहे. हे एकाच पंधरवड्यात आले तर शिवनेरीच्या एका भेटीत सगळं बसतं. राज्यशास्त्रातल्या ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ भूगोलातल्या अर्थव्यवस्थेच्या पाठाशेजारी आण. शेतकरी चळवळ का उभी राहते, हे बाजारभाव समजल्याशिवाय समजत नाही. नववीच्या इतिहासात विज्ञान-तंत्रज्ञान आहे, भूगोलात वाहतूक व संदेशवहन. तुझ्या शाळेजवळच आर्वीला १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. असे जोडपाठ वर्षात चार-पाच झाले तरी पुष्कळ. ओढूनताणून सगळेच जोडू नकोस.

तालुक्याची यादी कर

आता मुख्य काम. पुस्तकातल्या प्रत्येक घटकासमोर एक रिकामा रकाना ठेव आणि त्यात लिही: हे माझ्या मुलाला इथे कुठे पडताळता येईल? जुन्नरसारखा तालुका त्यासाठी नशिबानेच मिळतो.

पाऊस घे. पश्चिमेला घाटमाथ्यावर तो धो धो कोसळतो, आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला आणे पठारावर उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते. पर्जन्यछाया ही पुस्तकातली व्याख्या एका एसटीच्या प्रवासात डोळ्यांनी दिसते. शाळेत पर्जन्यमापक लाव. नसेल तर सरळ कडांची बरणी आणि पट्टी चालते. रोज ठरलेल्या वेळी एका मुलाने मोजायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. ज्यांची घरं पश्चिमेला आहेत आणि ज्यांची पूर्वेला, अशा दोन मुलांना घरीही मोजायला सांग. सप्टेंबरअखेर तीन ठिकाणांचे आलेख शेजारी काढले की वेगळं सांगायची गरज उरत नाही.

साधनांसाठी लांब जाऊ नकोस. शाळेच्या कपाटात जुनं जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांची परवानगी घे, नावं आणि जातीचा रकाना झाक, आणि एकच प्रश्न दे: या शाळेत पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली आणि मुलींची संख्या कधी वाढली? नववीतला महिला सक्षमीकरणाचा पाठ त्या रजिस्टरशेजारी वाचून बघ. घरचा जुना सातबारा, आजीच्या लग्नाची पत्रिका, दुष्काळातलं रेशनकार्ड, हीसुद्धा साधनंच. मुलाला विचारायला शिकव: हे कुणी लिहिलं? कशासाठी लिहिलं? यात काय लिहिलेलं नाही?

हेच तीन प्रश्न घेऊन दिवाळीनंतर नाणेघाटात जा. कल्याणकडून जुन्नरला येणारी ही सातवाहन काळातली व्यापारी वाट. लेण्यात ब्राह्मी लिपीतला राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, नाण्यांची जंत्री आहे, आकड्यांसकट. लेख राजघराण्याचा आहे, म्हणून त्यात दान देणाऱ्याची बाजू आली आहे. वाटेने बैल हाकणाऱ्याचं नाव त्यात नाही. जवळचा दगडी रांजण जकातीचा असं सगळे सांगतात. मुलांना विचार, हे कशावरून म्हणतात? लेखातला पुरावा कुठला आणि ऐकीव गोष्ट कुठली, याच्या दोन याद्या तिथेच बसून करू देत. दहावीच्या इतिहासाच्या पहिल्या दोन पाठांचा सगळा गाभा त्या दोन याद्यांत येतो.

बाजारासाठी नारायणगावचा टोमॅटो बाजार आहे. पाहणीआधी प्रश्नावली वर्गात तयार कर: क्रेट कुठून आलं, कुठे चाललं, भाव कुणी ठरवला, शेतकऱ्याच्या हातात किती पडले. दहावीच्या भूगोलाचा पहिला पाठच ‘क्षेत्रभेट’ आहे. तो नुसता वाचून दाखवायचा नाही, त्या रीतीने एक भेट करायची.

काही पथ्यं सांगते. पैसे लागणारी भेट वर्षातून एकच ठेव, बाकी सगळ्या पायी किंवा एसटीने होतील अशा. वर्गणी न देता आल्यामुळे एकही मूल मागे राहता कामा नये. पालकांचं संमतिपत्र, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि सोबत आणखी एक शिक्षक, यात कधी सवलत घेऊ नकोस. भेटीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवसाची तासिका लेखनासाठी राखून ठेव. आठवडा गेला की मुलांना सहल आठवते, पाहणी आठवत नाही.

ब्राझील नुसता पाठ करून घेऊ नकोस

दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील का, असं मुलं विचारतात. नवे शिक्षकही विचारतात. उत्तर तुझ्या नियोजनात असलं पाहिजे. दुसरा देश शेजारी ठेवला की आपला देश नीट दिसतो. पण तुलना कोष्टक भरण्यापुरती राहिली तर मुलं डावी-उजवी बाजू घोकतात.

म्हणून प्रत्येक पाठात एकच प्रश्न निवड. ईशान्य ब्राझीलमध्ये अवर्षणग्रस्त टापू का आहे? ज्याने आणे पठाराचा आलेख काढलाय, त्याला इथेही डोंगराआडची जागा शोधायला सांग. ब्राझीलने १९६० साली राजधानी रिओहून आत ब्राझिलियाला का नेली? किनाऱ्यावर दाटलेल्या लोकसंख्येचा नकाशा समोर ठेवून वाद होऊ दे. तिथे डिसेंबरात उन्हाळा का? पृथ्वीगोल हातात दे.

इतिहासाशी ब्राझीलचं नातंही सांग. ब्राझील आणि गोवा, दोन्हींवर पोर्तुगालची सत्ता होती. ब्राझील १८२२ साली स्वतंत्र झाला, गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला. कोकण-गोव्यातला काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेला. आणि राज्यशास्त्राच्या तासाला हे सांग: ब्राझीलमध्ये सोळाव्या वर्षी मतदान करता येतं, मात्र ते ऐच्छिक असतं, अठराव्या वर्षापासून ते सक्तीचं होतं. तुमच्या वयाला हक्क असावा का, सक्ती असावी का, असं वर्गाला विचार. त्या तासाला शेवटच्या बाकावरची मुलंही बोलतात.

आकड्याशेजारी साल लिहायला लाव

सामाजिक शास्त्राचं पुस्तक छापलं त्या दिवसापासून जुनं व्हायला लागतं. लोकसंख्येचे आकडे २०११च्या जनगणनेचे आहेत. दहावीचं पुस्तक २०१८चं, म्हणून मराठा लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले जुलै २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यात आपला शिवनेरीही आहे, हे त्यात असू शकत नाही. वर्गात नियम कर: वहीत आकडा लिहिला की शेजारी साल आणि कुठून घेतला ते लिहायचं. फळ्यावर तूही पाळ. बोर्डाच्या पेपरात पुस्तकातला आकडा लिहा आणि वहीत नवा, हे मुलांना स्पष्ट सांग. त्यांना ते नीट कळतं.

वादाचा विषय टाळू नकोस

नववीच्या इतिहासात आणीबाणी आहे, पंजाब आहे, जमातवाद आहे. दहावीत लोकशाहीसमोरची आव्हानं आहेत. असे पाठ ‘घरी वाचा’ म्हणून सोडून द्यायचा मोह होतो, कारण वर्गात सगळ्या घरांची मुलं असतात. पण तू सोडलास तरी विषय मोबाइलवर त्यांच्यापर्यंत पोचतोच, आणि तिथे प्रश्न विचारायला शिकवणारं कुणी नसतं.

हे विषय शिकवायची सवय आधी जवळच्या वादावर लाव. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं आपल्या भागात. कालव्याचं पाणी जातं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, यावर दर वर्षी ताण असतो. वर्गाचे तीन गट कर. एक गट धरणात जमीन गेलेल्यांचा, एक धरणाजवळच्या शेतकऱ्यांचा, एक कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांचा. प्रत्येक गटाने घरी-दारी विचारून, वर्तमानपत्रातली कात्रणं लावून आपली बाजू मांडायची. मग गटांची अदलाबदल करायची. धरणग्रस्तांच्या गटाने शेपटाकडच्यांची बाजू अशी मांडायची, की मूळ गटाने ‘हो, आमचं म्हणणं हेच आहे’ असं कबूल करावं. त्यानंतर विचारायचं, हा निर्णय आज घेतं कोण? कालवा सल्लागार समिती म्हणजे काय, त्यात कोण बसतं, तिथे शेतकऱ्याचं म्हणणं कोण मांडतं? राज्यशास्त्र हे असं जमिनीवर उतरतं.

ही शिस्त लागली की आणीबाणीचा पाठ घ्यायला भीती वाटत नाही. नियम तीनच ठेव, आणि ते भिंतीवर लावून ठेव. बोलायचं ते पुराव्याने. माणसावर, जातीवर, धर्मावर बोलायचं नाही. बाईंचं मत काय, हे बाई वर्गात सांगणार नाहीत. तिसरा नियम तू कटाक्षाने पाळ. तुझ्या शब्दाला वर्गात वजन आहे, आणि ते वजन एका पारड्यात पडलं की मुलं विचार करायची थांबतात. जिच्या घरचं दुःख त्या विषयाशी जोडलेलं आहे अशी एखादी मुलगी वर्गात असते, हेही ध्यानात ठेव. तिला बोलायला लावू नकोस आणि तिच्याकडे कुणाला रोखून पाहू देऊ नकोस.

परीक्षेला वर्षभर थोडं थोडं दे

मुलांचे गुण गेले तर पालक ऐकून घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पडताळणीच्या नावाखाली परीक्षेकडे दुर्लक्ष नको. पण परीक्षेची तयारी जानेवारीत एकदम करू नकोस. आठवड्यातला एक ठरलेला तास लेखनाचा. इतिहासात संकल्पनाचित्र, टिपा, ‘विधान सकारण स्पष्ट करा’, उताऱ्यावरचे प्रश्न. भूगोलात नकाशा आराखडा भरणं, आलेख, भौगोलिक कारणं. नकाशा तर रोजच्या तासाच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत भरून घेता येतो. एक नदी, एक शहर, एक पर्वत. वर्षअखेर मुलाला नकाशाची धास्ती राहत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका जूनमध्येच चाळ आणि घटकवार खुणा करून ठेव. मुलांनाही प्रश्न तयार करायला लाव. ज्याने कुकडीच्या आवर्तनावर तीन बाजू लिहिल्या, त्याला ‘सकारण स्पष्ट करा’ जड जात नाही, हे तू बघशीलच. अंतर्गत मूल्यमापनासाठी पाऊस, रजिस्टर आणि बाजाराच्या वह्याच वापर. दुकानातून विकत आणलेले चकचकीत प्रकल्प स्वीकारू नकोस. एका मुलाला तशी सूट दिली की ज्याने पावसात उभं राहून मोजलं, त्याचा विश्वास जातो.

टाचणवहीत समास मोठा सोड

दर शनिवारी टाचणवहीच्या समासात चार ओळी लिही: काय झालं नाही, का झालं नाही, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, पुढच्या वर्षी हा पाठ कुठे हलवायचा. सप्टेंबरअखेर आणि नाताळात तास काढून मूळ नियोजन त्यावरून दुरुस्त कर. एखादा पाठ मागे पडला असेल तर तो गुंडाळ, पण पडताळणीची तासिका कापू नकोस. घाई झाली की पहिली कात्री तिच्यावरच येते. म्हणून तिथे मुख्याध्यापकांची सही आधीच घेऊन ठेवायची.

पुस्तकं बदलतील, नवी धोरणं येतील, बहुधा तुझ्या नोकरीत एकदा नव्हे, अनेकदा. पण पाऊस, कालवा, बाजार, शाळेचं रजिस्टर आणि नाणेघाटातला लेख तिथेच राहतील. तालुक्याची ती यादी एकदा नीट केलीस की कोणतंही पुस्तक आलं तरी तुला त्याच्या पाठांसमोर लिहायला काही असेल. यादीची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेव. तुझी बदली झाली तर तुझ्यामागून येणाऱ्या शिक्षकाला ती मिळाली पाहिजे.

आता ऊठ आणि कोऱ्या कागदावर दोन्ही वर्गांच्या घटकांची नावं लिहून काढ. शेजारच्या रकान्यात एकेका घटकाची पडताळणी लिही. तिला तारीख दे. उरलेल्या दिवसांत पाठ बसव. कुठे अडलीस तर तो घटक घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून जागा शोधू.

तुझी बाई